मानेचं भाषांतर

राजधानीला, सोफियाला जाणारी आगगाडी सुटली तशी त्सोना माझ्याकडे वळून म्हणाली, "म्हणून दाखव बरं."

"काय?"

"नाही. नाही म्हणून दाखव."

मी हनुवटी वर उडवली आणि जिभेनं टाळूवर हलकेच 'च्क' केलं. आमच्याकडे नकार असाच देतात. होकार द्यायचा तर मान डावी-उजवीकडे हलवायची, नकार द्यायचा तर हनुवटी एकदा वर उडवून खाली आणायची. तोंड उघडावं लागत नाही. माझ्यासारख्या माणसाला ही फार मोठी सोय आहे, आणि या सोयीवर मी जवळजवळ सगळा जन्म काढला आहे.

"तोंडानं म्हण, तोंडानं," त्सोना म्हणाली. "तिथं तुझी मान कोण बघत बसणार? मोठा हॉल असेल."

"मी पुढच्या रांगेत बसेन."

"शाळेतही तू असाच होतास, लाझर. बाईंनी नदीचं नाव विचारलं की तू खिडकीतून नदी दाखवायचास."

समोर बसलेली एक बाई हसली. मी खिडकीबाहेर पाहू लागलो. मळे कापून झाले होते, धुक्यात मक्याची नुसती धाटं उभी होती. ऑक्टोबर संपत आला होता.

काम काय होतं ते सांगतो. गोर्ना ब्रेझा हे आमचं गाव डोंगराच्या कुशीत आहे. तिथं एक दगडी वाचनघर आहे. आमच्या पणजोबांनी दगड वाहून ते बांधलं. ही इमारत आता एका प्रतिष्ठानाला हवी होती. डोंगर चढायला येणाऱ्या पाहुण्यांसाठी तिथं खोल्या होणार होत्या, आणि पुस्तकं तालुक्याच्या गावी 'सुरक्षित' ठेवली जाणार होती. त्यासाठी वाचनघराच्या अध्यक्षाची संमती आणि शिक्का लागत होता. अध्यक्ष मी. त्या पदाला मी लायक आहे असं मला कधीच वाटलं नाही. आधीचे अध्यक्ष वारले, सभेत कोणी हात वर केला नाही, सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि तेव्हाही मला नाही म्हणता आलं नाही.

खरं सांगायचं तर नकार देणं बरोबर आहे का, याचीही मला खात्री नव्हती. छप्पर गळतं. भूगोलाच्या कपाटाखाली बादली ठेवावी लागते. प्रतिष्ठान ते सगळं दुरुस्त करणार होतं. गावात आता मोजकीच धुराडी धूर सोडतात. हिवाळ्यात संध्याकाळी घरोघरी शेगडी पेटवणं परवडत नाही, म्हणून आम्ही सगळे वाचनघरात जमतो. प्रत्येक जण येताना एक ओंडका आणतो. मी मोठ्यानं वाचतो. पुस्तक हातात असलं की माझा आवाज निघतो, कारण तो माझा नसतो. पण म्हाताऱ्यांचा हा एवढासा घोळका, आणि त्यासाठी एवढी इमारत? मी कितीदा तरी स्वतःला विचारलं होतं. दर वेळी उत्तर वेगळं आलं.

फोनवर यावोर म्हणाला होता, "लाझरकाका, शिक्का आणायला विसरू नका हं." शिक्का रुमालात गुंडाळून माझ्या कोटाच्या खिशात होता.

यावोर प्रतिष्ठानाचा इथला प्रमुख. त्याची आजी आमच्याच गावची, आता ती हयात नाही, पण लहानपणी दर उन्हाळा तो तिच्याकडे असायचा. त्याच्यासाठी त्सोनानं माझी मोठी कातडी बॅग भरून बिहीची पिवळी, सफरचंदासारखी फळं घेतली होती.

"ज्याला नाही म्हणायला निघालोय त्याच्यासाठी फळं?" मी तिला विचारलं होतं.

"मग काय रिकाम्या हातानं जायचं कोणाकडे? नाही म्हणायचं ते वेगळं, फळं वेगळी."

ही बॅग सोफियाला पूर्वी रिकामी यायची. दर शरदात मी ती घेऊन यायचो, जुन्या पुस्तकांच्या गाड्यांवर दिवस काढायचो आणि हिवाळ्याचं वाचन भरून न्यायचो. मग कधीतरी ते थांबलं. कोणी कारण विचारलं नाही, म्हणून मीही दिलं नाही.

स्टेशनवरून ट्राम धरून आम्ही शहराच्या मध्यावर उतरलो. पिवळ्या विटांचा रस्ता ओला होऊन निसरडा झाला होता. त्सोनानं माझा दंड धरला, मी पडू नये म्हणून की ती पडू नये म्हणून, ते कळलं नाही. वर कुठल्यातरी गॅलरीत लाल मिरच्या भाजणं चाललं होतं, त्यांचा गोडसर जळका वास गल्लीभर होता. चेस्टनटची फळं उभ्या मोटारींच्या टपांवर टपाटप पडत होती.

"आपल्याकडच्या मिरच्यांना यापेक्षा वास आहे," त्सोना म्हणाली. राजधानीत आली की ती प्रत्येक गोष्टीला असं जागेवर बसवते.

वेळ होता, म्हणून आम्ही एका बेकरीपाशी थांबलो. पुढं एक परदेशी जोडपं उभं होतं. काचेमागच्या, पालक भरलेल्या पापुद्र्यांच्या बानित्साच्या रिकाम्या ताटाकडे बोट दाखवून ते काहीतरी विचारत होते. बेकरीवालीनं हनुवटी वर उडवली. संपली. ती दोघं आनंदानं हसली आणि उभीच राहिली. तिनं पुन्हा हनुवटी उडवली. ती आणखी आनंदानं हसली. त्यांच्या देशात मान अशी वर-खाली झाली की तो होकार असतो.

"अगं, त्यांना तोंडानं सांग," त्सोना म्हणाली. "बिचारी उद्यापर्यंत उभी राहतील."

"सकाळपासून हेच चाललंय, मावशी," बेकरीवाली म्हणाली. "एकेकाला नाही म्हणून माझी मान मोडायची वेळ आली."

आम्ही खूप हसलो. आम्ही घेतलेली चीजची बानित्सा गरम होती, आतलं पांढरं चीज जिभेला भाजलं. खाताना त्या परदेशी माणसांवरून मला काही सुचायला हवं होतं. सुचलं नाही.

सभा एका उंच छताच्या खोलीत होती. प्रत्येकापुढं माइक, पाण्याची छोटी बाटली आणि ज्याच्या त्याच्या नावाची चिठ्ठी. माझं नाव छापील अक्षरांत पाहून मी आधीच अर्धा खचलो. यावोर धावत आला, त्यानं मला मिठी मारली.

"लाझरकाका! अजिबात बदलला नाहीत. त्सोनामावशी, तुम्ही पण? वा!"

"मी पण," त्सोना म्हणाली. "मला बोलावलं नव्हतंस, म्हणून म्हटलं बघून यावं."

"तुमच्यासाठी मागं खुर्ची देतो."

"मागूनसुद्धा माझा आवाज येतो, बाळा."

देणगी देणाऱ्यांच्या वतीनं हॉलंडहून मारितबाई आल्या होत्या. पन्नाशीच्या, पिकल्या केसांच्या, चेहऱ्यानं फार चांगल्या. त्यांच्या शेजारी दुभाषीबाई चष्मा पुसत बसल्या होत्या. बाकी प्रतिष्ठानाची माणसं, सगळी आपल्याच देशाची. भिंतीवर आमच्या वाचनघराचं चित्र दिसू लागलं. पांढऱ्या रंगात, दारात सायकली, खिडक्यांत फुलं. चित्र सुंदर होतं. मला उगाच वाटलं की ती इमारत आपल्या हाती आल्यापासून आपण तिची आबाळच केली.

यावोर छान बोलला. तो खोटं काहीच बोलला नाही. गाव ओस पडतंय, छप्पर गळतंय, वाचणारे संपत आले, हे सगळं खरंच होतं. एक एक वाक्य ऐकताना माझी मान आपोआप डावी-उजवीकडे हलत होती, आणि मारितबाई प्रत्येक वेळी चिंतेनं माझ्याकडे पाहत होत्या. का, ते मला तेव्हा कळलं नाही.

शेवटी तो माझ्याकडे वळला. "आता अध्यक्षांनी सांगायचं. लाझरकाका, मंजूर आहे?"

सगळ्या खोलीनं माझ्याकडे पाहिलं. माझं तोंड कोरडं पडलं. मी हनुवटी वर उडवली, जन्मात कधी उडवली नसेल एवढी उंच. छतावरचा दिवा दिसला. 'च्क' करायला गेलो, पण कोरड्या तोंडातून ते निघालं नाही.

मान खाली आली तेव्हा मारितबाई टाळ्या वाजवत होत्या. त्यांचे डोळे आनंदानं भरून आले होते. पाहुणीच टाळ्या वाजवतेय म्हटल्यावर बाकीच्यांनीही वाजवल्या.

"टाळ्या कसल्या वाजवताय?" मागून त्सोना ओरडली.

मी यावोरकडे पाहिलं. त्यानं माझी मान नीट पाहिली होती. आजीकडच्या उन्हाळ्यांत अशी हनुवटी त्यानं दिवसातून शंभरदा पाहिली असेल. त्याला कळलं होतं. क्षणभर त्याचे हात हवेत तसेच राहिले. मग त्यानंही टाळ्या वाजवल्या.

कोणीतरी माझ्यापुढं कागद सरकवला. कोणीतरी शिक्का मागितला आणि मी तो खिशातून काढून दिला, कारण कोणी काही मागितलं की मी देतो. त्यांनी तो जांभळ्या शाईच्या डबीत दाबला आणि मूठ माझ्याकडे करून परत हातात ठेवला.

होऊन जाऊ दे, असं मला वाटलं. मी नाही म्हटलं होतं. कोणाला कळलं नाही, त्यात माझा काय दोष? छप्पर दुरुस्त होईल, खिडक्यांत फुलं येतील. पण मारितबाई अजून माझ्याकडे हसून पाहत होत्या, आणि या बाईला तरी फसवू नये असं वाटलं. बेकरीतलं जोडपं आत्ता कुठं आठवलं. बाईंना कळेल अशा रीतीनं, त्यांच्या पद्धतीनं, मी जोरजोरात मान हलवली. डावीकडे, उजवीकडे, डावीकडे.

त्यांचं हसू मावळलं. पण खोलीतली आपली माणसं खूश झाली. "बघा, स्पष्ट हो म्हणाले!" कोणीतरी म्हणालं आणि टाळ्यांची दुसरी फेरी सुरू झाली. आधी ज्यांना 'नाही' कळलं होतं त्यांना आता 'हो' कळलं, आणि जिला 'हो' कळलं होतं तिला 'नाही'. एवढ्या वर्षांत मी इतकं कधी बोललो नव्हतो आणि इतका गोंधळ कधी केला नव्हता.

"अहो दुभाषीबाई!" त्सोना उभी राहिली होती. "त्याला नाही म्हणायचंय! सांगा ना त्यांना!"

दुभाषीबाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "मग म्हणू द्या की त्यांना. मी शब्दांचं भाषांतर करते, बाई. मानेचं करत नाही."

"काका दमलेत," यावोर म्हणाला. "पहाटे निघालेत, वय झालंय. शिक्का मारू या आणि जेवायला जाऊ या. हो ना, काका?" आणि त्यानं माझं मनगट धरलं. अगदी हळुवार, म्हाताऱ्याला रस्ता ओलांडून द्यावा तसं. माझा हात शिक्क्यासकट कागदाकडे निघाला.

त्या हळुवारपणाचाच मला राग आला. मला फारसा राग येत नाही, त्यामुळे त्याचं काय करायचं हेही मला ठाऊक नव्हतं. मी हात सोडवून घेतला आणि उभा राहिलो. खुर्ची मागं पडली. समोर पाण्याची बाटली होती. तिच्यावरचं लेबल मी डोळ्यांपुढं धरलं, पुस्तक धरतो तसं, आणि त्यावर लिहिलंय ते वाचतोय असं समजून म्हणालो,

"नाही."

माइक शिटीसारखा किंचाळला. कोणाला वाटू नये की ती शिटीच होती, म्हणून मी पुन्हा म्हणालो, "नाही."

दुभाषीबाईंनी त्याचं भाषांतर केलं. एकच शब्द, पण त्यांनी तो माझ्यापेक्षा छान म्हटला.

मारितबाईंनी हळूच काहीतरी विचारलं. "त्या विचारताहेत, का," दुभाषीबाई म्हणाल्या.

याची तयारी मी केली नव्हती. गाडीत आम्ही फक्त एकाच शब्दाचा सराव केला होता.

"कारण आहे," मी लेबलाकडे पाहत म्हणालो, "पण ते फार चांगलं नाही. संध्याकाळी आम्ही तिथं बसतो."

"काका," यावोर म्हणाला, आणि त्याचा आवाज अजूनही गोड होता, "खरं सांगा, किती लोक वाचतात तिथं?"

"मी वाचतो. बाकीचे ऐकतात. काही झोपतात."

खोली हसली. मला खाली बसावंसं वाटलं, पण खुर्ची पडलेली होती.

"झोपतात," मी म्हणालो. "घरी एकट्यानं झोपण्यापेक्षा गोष्ट चालू असताना झोपलेलं बरं. जागे झाले की विचारतात, तो मेला का रे अजून? मी सांगतो, नाही अजून. मग त्यांना बरं वाटतं."

आता कोणी हसलं नाही. दुभाषीबाई भाषांतर करताना मध्येच थांबल्या, पुन्हा सुरू झाल्या.

"आणि पुस्तकं?" यावोर म्हणाला. "ती तर नीट राहतील. तालुक्याला लोखंडी कपाटं आहेत, कुलपं आहेत."

"कुलपं!" त्सोना मागून म्हणाली. "आमच्या दाराला कुलूप लागत नाही, बाळा. कोणे काळी वाचनघर बंद करायला माणसं आली होती, तेव्हा माझ्या बापानं किल्ली विहिरीत टाकली. तुझी आजी तिथंच उभी होती. विचार तिला, वर गेलास की."

यावोरचा चेहरा लाल झाला. "ठीक आहे. मग छप्पर पडेल, काका. याच हिवाळ्यात पडेल, बर्फ पडला की. तेव्हा आमच्याकडे येऊ नका."

तो खोटं बोलत नव्हता. माझ्या डोळ्यांपुढं भूगोलाचं कपाट आलं, ती बादली आली. मला आत कुठंतरी भीती वाटली आणि ती अजूनही आहे.

"पडेल कदाचित," मी म्हणालो. "छप्पर आमचं आहे. डोकीही आमचीच आहेत."

मग मी हातातला शिक्का रुमालात गुंडाळला आणि खिशात टाकला.

मारितबाई उठून माझ्यापाशी आल्या. दुभाषीबाईंच्या तोंडून त्या म्हणाल्या की टाळ्या वाजवल्याबद्दल त्यांना वाईट वाटतं, मानेचं हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. असं म्हणताना त्यांनी यावोरकडे पाहिलं. त्यांना माझं म्हणणं पटलं की नाही, मला ठाऊक नाही. मी पटवायला गेलो नव्हतो.

बाहेर बारीक पाऊस सुरू झाला होता. आम्ही पायऱ्या उतरत होतो तोच यावोर मागून आला, कोट न घालता.

"काका, मी तुमचं वाईट करत होतो का?"

"नाही," मी म्हणालो. आता तो शब्द सोपा झाला होता.

"मग?"

"तुला कळलं होतं, यावोर. आणि तू टाळ्या वाजवल्यास."

तो बुटांकडे पाहत राहिला. त्सोनानं बॅग उघडली आणि बिहीची फळं त्याच्या हातांत भरायला सुरुवात केली.

"धर. तुझ्या आजीच्या झाडाची आहेत."

"मावशी, आता हे कशाला..."

"तुझ्यासाठी आणलीत, तुलाच देणार. कच्ची खाऊ नकोस, दात आंबतील. उकडून साखर घाल. आणि गावाला ये. संध्याकाळी ये, येताना एक ओंडका घेऊन ये, म्हणजे झालं."

त्याच्या कवेत मावेनात इतकी फळं झाली. एक निसटलं, पायऱ्यांवरून उड्या मारत पिवळ्या विटांवर घरंगळत गेलं, आणि प्रतिष्ठानाचा प्रमुख चकचकीत बुटांनी त्याच्यामागं धावला. ते पकडून तो वळला, तेव्हा तो हसत होता की नाही हे पावसात नीट दिसलं नाही.

बॅग रिकामी झाली होती. इतक्या वर्षांनी माझ्या हातात ती तशी हलकी लागली, आणि माझे पाय आपोआप जुन्या पुस्तकांच्या गाड्यांकडे वळले. पावसामुळं बहुतेकांनी प्लॅस्टिक ओढलं होतं. एक म्हातारा गाडीवाला अजून छत्री धरून उभा होता.

"लाझर, गाडी चुकेल," त्सोना म्हणाली.

"चुकू दे."

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. "आज तुला झालंय काय?"

मी निवडू लागलो. समुद्रावरच्या सफरींचं एक, कारण आमच्यापैकी निम्म्यांनी समुद्र पाहिलेला नाही. एक जाड कादंबरी, जिच्यात मी शेवटची पानं चाळून खात्री करून घेतली की नायक बराच वेळ मरत नाही. मधमाश्यांवर एक. थोड्या कविता, ज्या ऐकताना सगळे झोपतील आणि मी एकटा जागा राहीन.

"नातवंडांसाठी का?" गाडीवाल्यानं विचारलं.

मी हनुवटी उडवली. मग आठवलं. "नाही. वाचनघरासाठी."

"खेड्यातलं? अजून चालू आहे?"

"चालू आहे," त्सोना म्हणाली. "दारच लागत नाही, बंद कसं होणार?"

मी पैशांसाठी खिशात हात घातला आणि बोटं जांभळी होऊन बाहेर आली. रुमालभर शाई पसरली होती. माझ्या संमतीसाठी लावलेली ती शाई अजून ओली होती. मी कादंबरी बॅगेवर ठेवली, पहिलं पान उघडलं, कोटाच्या बाहीनं त्यावर आडोसा केला, आणि शिक्का दाबला.

"अर्धाच उठलाय," त्सोना वाकून म्हणाली. "नुसतं 'गोर्ना ब्रे' आलंय. पुन्हा मार."

मी शिक्क्यावर तोंडाची वाफ सोडली आणि दोन्ही हातांनी, शरीराचा सगळा भार टाकून, पुन्हा दाबला. या वेळी गावाचं पूर्ण नाव उठलं. गाडीवाल्यानं काही न विचारता छत्री आमच्यावर धरली. त्सोना एकेक पुस्तक उघडून पुढं करत गेली, आणि शाई संपेपर्यंत मी शिक्के मारत गेलो.